डाव्या हाताची दारं

“आतलं माप की बाहेरचं?”

मास्तरांनी विचारलं आणि तिन्ही पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

“म्हणजे काय, काका?”

“तुम्ही इथे लिहिलंय दोन फूट. खोक्याच्या आत दोन फूट हवं, की बाहेरून? पुठ्ठ्याला जाडी असते की नाही? का तुमच्या कॉम्प्युटरातला पुठ्ठा हवेचा असतो?”

तिघांची जी पुढारी होती, तिला सगळे कॅप्टन म्हणत. तिने कागद उलटा केला, सुलटा केला आणि कपाळावर हात मारून घेतला. “जाडी धरलीच नाही की आपण!”

मास्तर मनातून एकदम खूश झाले. चूक मान्य करणारं माणूस त्यांना पहिल्यापासून आवडायचं. पण तसं तोंडावर दाखवलं तर ते मास्तर कसले? “आण इकडे,” ते गुरगुरले आणि कानावरची पेन्सिल काढून सगळी मापं पुन्हा लिहायला बसले.

मास्तर म्हणजे कुणी शाळामास्तर नव्हेत बरं का. एकतीस वर्षं ते खोक्यांच्या कारखान्यात नमुने कापत होते. बुटांचा खोका असो, औषधाचा असो की दिव्यांचा, पहिला एक हाताने करावा लागतो. फुटपट्टी, कटर आणि दोन हात. गिऱ्हाईक तो उलटासुलटा करून बघतं, टिचकी मारतं, मान डोलावतं; मग यंत्र तसेच लाखभर खोके पाडतं. नमुना काही महिने खिळ्याला लटकतो आणि एक दिवस रद्दीत जातो. म्हणजे लाखांनी खोके गावोगाव हिंडले, पण मास्तरांच्या हातचा एकही कारखान्याच्या फाटकाबाहेर पडला नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे. “नमुन्यानं पास व्हायचं,” ते म्हणत, “मिरवायचं काम खोक्यांचं.” अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता आणि तो दिवसातून एकदा तरी बाहेर पडायचाच: एकतीस वर्षांत त्यांचा एकही नमुना माप चुकलं म्हणून नापास झाला नव्हता.

निवृत्त झाल्यावर ते या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस यायला लागले. हत्यारं द्यायची, परत घ्यायची आणि मधल्या वेळात पोरांना ओरडायचं, एवढंच काम. पण हे त्रिकूट आलं आणि मास्तरांच्या हाताला पुन्हा पुठ्ठा लागला.

कॅप्टन तर सांगितलीच. दुसरा वायरमन. दिवसाला मोजून सहा शब्द बोलायचा आणि खिशात हात घातला की वायरींचं जंजाळ बाहेर यायचं. तिसऱ्याचं नावच भाषण पडलं होतं, कारण समितीपुढे बोलायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याची तालीम तो कपाटापुढे, खिडकीपुढे, झाडूवाल्या काकूंपुढे, कुठेही करायचा. शहरातल्या मोठ्या वाचनालयाच्या दालनात लोकांनी हात लावून बघावं असं काहीतरी कायमचं उभं राहणार होतं. विद्यार्थ्यांच्या चमूंनी आधी पुठ्ठ्यात करून दाखवायचं, समिती त्यातलं एक निवडणार आणि निवडलेलं पुढे लाकडात, लोखंडात बनणार. या तिघांनी काढलं होतं हातांचं कपाट. खांद्याएवढा चौकोनी खांब, चार बाजू, प्रत्येक बाजूला पाच छोटी दारं. दार उघडलं की आतून एक माणूस बोलायला लागणार, आपल्या हातांना काय येतं ते सांगणार. एक शिंपीण, एक नर्स, एक बसचालक, एक केस कापणारा. दार लावलं की आवाज बंद.

“म्हणजे बोलणारा खोका,” मास्तर म्हणाले.

“इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन, काका.”

“तेच ते. बोलणारा खोका.”

आठ दिवस काम चाललं. पहिल्याच दिवशी पोरांनी पुठ्ठा आडवा कापून ठेवला होता. मास्तरांनी भाषणला बोलावलं, त्या तुकड्यावर तळवा ठेवून दाबायला लावलं. तुकडा बसकण मारून मोकळा. मग त्याच पुठ्ठ्याचा उभा तुकडा दिला. भाषणने दोन्ही हातांनी जोर लावला, तोंड लाल झालं, पण तुकडा हलेना.

“पुठ्ठ्याच्या पोटात नळ्या असतात. त्या उभ्या ठेवायच्या. भार नळ्यांवर येऊ दे, कागदावर नको. आणि घडी घालायच्या आधी बोथट पट्टीने रेघ दाबायची. पुठ्ठ्याला आधी सांगायचं की बाबा, इथे वाकायचंय. न सांगता वाकवलात तर तो फाटणारच, कोणीही फाटेल.”

पोरं मन लावून ऐकायची. मास्तरांना फार बरं वाटायचं. इतकं बोलायची त्यांना सवयच नव्हती. घरी बोलायचं खातं बायकोकडे होतं आणि मास्तरांकडे फक्त ‘हं’.

होतं, म्हणायचं. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं सगळं गेलं. राहिला एक शब्द, ‘पुरे’. तोच का राहिला, डॉक्टरांनाही सांगता येईना. कपात चहा ओतताना ‘पुरे’, पाय चोळून देताना ‘पुरे’, रडू आलं तरी ‘पुरे’. घर गप्प झालं, तेव्हा मास्तर बोलायला शिकले. वर्कशॉपातल्या गमती सांगायचे, पोरांच्या नकला करायचे. फार लांबलं की ती म्हणायची, “पुरे.” तो ‘पुरे’ झटक्याआधीच्या बायकोचा होता, झणझणीत. तो ऐकायला मिळावा म्हणून मास्तर मुद्दाम लांबण लावत.

दारं कापायचं काम मास्तरांनी शेवटी ठेवलं होतं. दारं आधी कापली तर पुठ्ठा लुळा पडतो, हा कारखान्यातला धडा. चारही बाजूंचे मोठे ताव दोरीने बांधून त्यांनी डोक्यावर घेतले आणि दोन गल्ल्या पलीकडे घरी नेले. दुपारभर जमिनीवर बसून वीस दारं कापली. तीन बाजूंनी काप, चौथ्या बाजूला दाबलेली रेघ, तीच बिजागरी. बायको खुर्चीत बसून बघत होती. एकेक दार झालं की ते ताव तिच्यापुढे उभा धरत. ती हात लांब करून दार उघडायची, लावायची.

“अडकतंय?”

ती मान हलवून नाही म्हणायची.

“मग पास!”

विसावं दार झालं तेव्हा ती हसत होती. मास्तरांना त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, समितीच्या बरोबर आदल्या दिवशी, वायरमन दारांना चुंबकं चिकटवायला बसला आणि त्याने आपले दिवसाचे शब्द एका दमात खर्च केले.

“काका, दारं सगळी उलटी आहेत.”

“उलटी कशी असतील? एकेक तपासून घेतलंय.”

कॅप्टन पुढे झाली. तिने उजवा हात दाराच्या उजव्या कडेला नेला. तिथे बिजागरी. दार धरायची खाच डावीकडे. तिने मनगट वाकडं करून खाच पकडली, दार उघडलं, तर ते तिच्याच कोपरावर येऊन आदळलं. तिने दुसरं बघितलं. तिसरं. वीसच्या वीस.

“चित्रात तर बिजागरी डावीकडे दाखवली होती, काका.”

भाषण उसळला. “उद्या समिती येतेय! वीस दारं! झालं, बोंबललं सगळं!”

मास्तरांनी चित्र बघितलं, दारांकडे बघितलं. मग स्वतःचा उजवा हात पुढे केला, मागे घेतला आणि डावा पुढे केला. डाव्या हाताला दार अलगद उघडलं. आणि त्यांना कळलं. तीन वर्षं बायकोसाठी घरातलं एकेक दार, झाकण, कडी ते डाव्या हाताला फिरवत आले होते. आता त्यांच्या हातांना दुसरं येतच नव्हतं. वर तपासलं कोणाकडून, तर तिच्याकडूनच! एकतीस वर्षांचा अभिमान आणि या वयात असा शेणात पाय. कानापर्यंत लाज चढली त्यांना.

“चूक माझी,” ते म्हणाले. “नवीन ताव कापतो. दाबलेली रेघ पुसता येत नाही. मोठे ताव किती उरलेत?”

“तीन,” वायरमन म्हणाला.

“नवीन मागवले तर दोन दिवस लागतील,” कॅप्टन म्हणाली.

“मग तीन बाजू नव्या करू. चौथी भिंतीकडे तोंड करून ठेवू. काय करणार? लांब पोलादी पट्टी घरी राहिलीय, तेवढी घेऊन येतो.”

“मी येते,” कॅप्टन म्हणाली. कारण मास्तरांचा चेहरा तिला बघवेना.

घर दोन खोल्यांचं. मास्तर पट्टी शोधायला आत गेले आणि कॅप्टन दारात उभी राहिली. खुर्चीतल्या बाईंनी तिच्याकडे बघून डावा हात उचलला. उजवा मांडीवर घडी करून ठेवल्यासारखा पडला होता. कॅप्टनने नमस्कार केला आणि ती इकडेतिकडे बघत राहिली. कपाटाच्या बिजागऱ्या उजवीकडे होत्या. डावीकडे, जुन्या बिजागऱ्यांच्या जागी, स्क्रूची भोकं पुट्टी भरून बुजवलेली. खिडकीची कडी बदललेली. औषधांचा पुठ्ठ्याचा डबा होता, सात कप्प्यांचा, प्रत्येकाचं झाकण डाव्या अंगठ्याने उचलावं असं. चष्म्याचं घर तसंच. पेला ठेवायची बैठक तशीच. मुलगी हुशार होती, तिला कुणी काही सांगावं लागलं नाही.

“सापडली!” मास्तर बाहेर आले. “हिच्याशी ओळख झाली का? अगं, हीच ती कॅप्टन. मी सांगत नव्हतो का, ही आतलं माप आणि बाहेरचं माप...”

“पुरे,” बाई म्हणाल्या.

कॅप्टनला हसू फुटलं. बाईही हसल्या, अर्ध्या तोंडाने.

रस्त्यात ती म्हणाली, “काका, विसाव्या दारामागे आवाजच नाहीये. तो केस कापणारा आयत्या वेळी नको म्हणाला. तुम्ही बोलाल?”

“मी? मी काय बोलणार, कप्पाळ!”

“तुमच्या हातांना काय येतं ते.”

“माझ्या हातांना काय येतं ते सकाळीच बघितलंत की!”

“तेच सांगा,” ती म्हणाली.

दिवसभर चौघं कामाला जुंपले. मास्तर रेघ दाबायचे, भाषण ताव धरून उभा राहायचा आणि सकाळच्या ओरडण्याबद्दल दर अर्ध्या तासाला माफी मागायचा. शेवटी मास्तरच वैतागले. “अरे, माफी माग, पण ताव हलवू नकोस!” प्रत्येक दार आता कॅप्टन उजव्या हाताने तपासत होती. संध्याकाळच्या आत पंधरा दारं सरळ झाली. चहाच्या वेळी वायरमनने मास्तरांपुढे माइक धरला, तेव्हा ते आधी पाच मिनिटं नुसते खाकरले आणि मग बोलले. काय बोलले ते बाकीच्या दोघांनी लांबूनच ऐकलं. वायरमनने तो आवाज विसाव्या दारामागे बसवला, भिंतीकडच्या, उलट्या बाजूला. तिथेच तर जागा रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. त्यात तिघं होते, एक वाचनालयाच्या बाई. भाषण सुरुवातीलाच अडखळला. कपाटांपुढे फड मारणारा गडी माणसांपुढे घामाघूम झाला. पण दारं बोलायला लागली तशी त्याच्या बोलण्याची गरजच उरली नाही. वाचनालयाच्या बाई एका हातात चहाचा कप घेऊन फिरत होत्या. फिरता फिरता त्या खांब आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरल्या. मास्तरांचा जीव खालीवर. उजव्या हातात कप, म्हणून बाईंनी डावा हात पुढे केला आणि पाचही दारं एकामागून एक उघडली.

“ही बाजू सोपी आहे की,” त्या आतूनच म्हणाल्या. मग त्या तिथेच कान देऊन उभ्या राहिल्या. विसावं दार उघडं होतं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मास्तरांकडे एकदा बघितलं आणि कप खाली ठेवला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, जिंकले. तर नाही. निवड झाली दुसऱ्याच एका चमूची. त्यांचा पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला भलामोठा पडदा होता, त्यापुढे हात हलवले की पाखरं उडायची. छान होतं तेही, उगाच खोटं कशाला बोला.

निकाल सांगून समिती निघाली तेव्हा मास्तर वाचनालयाच्या बाईंना दारात आडवे गेले. “बाई, एक विचारू? माप कुठे चुकलं का?”

“नाही हो,” त्या म्हणाल्या. “माप अगदी बरोबर होतं. दालनात गर्दी असते, तिथे आवाज ऐकू येणार नाहीत असं इतरांचं म्हणणं पडलं. माझं नव्हतं.”

“माप बरोबर होतं ना? मग झालं,” मास्तर म्हणाले. पण त्यांचा आवाज बसला होता. स्वतःसाठी नाही, पोरांसाठी. नमुना रद्दीत गेला तरी त्याच्यामागे लाख खोके असायचे. या नमुन्याच्या मागे काहीच येणार नव्हतं.

भाषणने रागाने कपाटाला लाथ मारायला पाय उचलला.

“ए!” मास्तर कडाडले. “खोका फोडायचा नसतो, उघडायचा असतो. पाय खाली.”

मग त्यांनी पोरांना खोका कसा उघडतात ते शिकवलं. चिकटवलेल्या कडेत पातळ पट्टी सरकवायची, वरून खाली, घाई न करता. कागद न फाटता कडा सुटते आणि खोका पुन्हा ताव होऊन जमिनीवर पडतो. कॅप्टन एका कडेशी बसली होती. ती रडत होती आणि पट्टी मात्र सरळ सरकवत होती. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी एकतीस वर्षांत कुणाचं केलं नव्हतं.

सुटलेल्या तीन बाजू एकावर एक रचून झाल्या. चौथी उभीच होती.

“ही मी नेली तर चालेल?” मास्तरांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या हातचा नमुना मागत होते, म्हणून जरा चोरट्यासारखे उभे होते. “तुमच्या कामाची नसेल तर.”

वायरमनने मागून नवी बॅटरी बसवली, वायरी नीट बांधल्या आणि ताव उचलून मास्तरांच्या डोक्यावर ठेवला.

घरी मास्तरांनी तो भिंतीला टेकवून उभा केला, तिच्या खुर्चीशेजारी, हात पोचेल एवढ्यावर. पोरांची निवड झाली नाही हे सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिने डावा हात पुढे केला. शिंपीण बोलायला लागली. दार लावलं, शिंपीण गप्प. पुन्हा उघडलं. तिला मजा वाटली. नर्स, बसचालक, एकेक करून ती सगळ्यांना भेटत गेली. मनगट वाकडं करावं लागत नव्हतं, कुणाला हाक मारावी लागत नव्हती. मग तिने सगळ्यात खालचं दार उघडलं आणि आतून मास्तर खाकरले.

खरे मास्तर लगबगीने उठले आणि पाण्याचं भांडं उगाच इकडचं तिकडे करायला लागले.

“...मी नमुने करायचो,” दारातले मास्तर म्हणाले. “खोक्यांचे. ते सगळे पास झाले. पण बरं केलेलं काम विचाराल तर घरी केलेलं. आमच्या हिचा उजवा हात गेला. तिला डबा उघडता येईना, मला हाक मारायची तर शब्दही नाही. ती डबा मांडीवर घेऊन नुसती बसून राहायची. मी सगळी झाकणं उलटी केली. त्याला तीन वर्षं लागली, कारण कुठलं दार तिला अडतंय ते ती सांगू शकत नव्हती. मला बघत बसावं लागलं. त्याआधी चाळीस वर्षं मी तिच्याकडे इतकं कधी बघितलंच नव्हतं. आता माझे हात सरळ दार करायचं विसरलेत. पोरांचं काम त्यापायी अडलं, त्याचं वाईट वाटतं. पण हात विसरले ते बरंच झालं, असंही वाटतं. आणि हे जर ती ऐकत असेल तर तिला सांगायचंय की चहात साखर मीच जास्त घालायचो, ती म्हणायची ते खरं होतं, आणि...”

आणि मास्तर बोलतच होते. वायरमनने एक अक्षर कापलं नव्हतं. खरे मास्तर पाठमोरे उभे राहून वाट बघत होते. आता म्हणेल. एवढी लांबण तिने कधीच ऐकून घेतली नव्हती.

आवाज संपला. मास्तर भांडं हातात धरून तसेच उभे राहिले.

‘पुरे’ काही आला नाही. मागे दार लागल्याचा हलका आवाज झाला, मग उघडल्याचा, आणि दारातले मास्तर पुन्हा पहिल्यापासून खाकरले.